बारा तासांचा कागद

३ मार्च
चि. इंजिनसाहेब यांस,
अनेक आशीर्वाद. तुमच्या जहाजाचं इंधनबदलाचं वेळापत्रक सोबत आहे. जहाज कंपन्यांना गंधकाच्या मर्यादेत राहायला शिकवणं हा माझा धंदा, आणि नेमकं तुझंच जहाज गळ्यात पडलं. स्वच्छ इंधनाची सक्ती असलेल्या सागरी हद्दीच्या बारा तास आधी जड तेल बंद करून कमी गंधकाचं सुरू कर, म्हणजे नळ्यांतलं जुनं तेल वाटेतच जळून जाईल. स्वतःची अक्कल पाजळू नकोस. जेवत जा, आणि लोभ परवडेल तेवढा ठेव.
तुझी ताई

१० मार्च
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. कागद पोचला. सुबक आहे, भिंतीवर लावण्याजोगा. फक्त मागच्या दुरुस्तीत बसवलेली जादा टाकी त्यात नाही. तिच्यातलं जुनं तेल संपायला वीस तास लागतील. पण ‘जहाजाची प्रत्यक्ष पाहणी केली’ असं तू लिहिलंयस, तेव्हा मी रोज जिच्यावर डोकं आपटतो ती टाकी म्हणजे भास असणार. कप्तान म्हणाले, स्वच्छ तेल महाग आहे, कागदावर बारा म्हणजे बारा. काय ते कळव.
तुझा (अधूनमधून) आज्ञाधारक भाऊ

१५ मार्च
चि. भाऊरायास,
अनेक आशीर्वाद. पंधरा वर्षं मी हेच हिशेब करते, तरी टाक्या तुलाच जास्त दिसतात, याचं कौतुक वाटलं. जहाजाचा नकाशा खुद्द मालकांनी दिलाय. वीस तास म्हटलं तर ते उद्याच दुसरा सल्लागार गाठतील. बाराच ठेव.
ताई

४ एप्रिल
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तपासनिसांनी तेलाचा नमुना नेला. गंधक मर्यादेच्या दुप्पट निघालं. मी लिहून दिलं की नोंदवहीतले बारा तास खोटे आहेत, तेल बदलायची झडप मी चारच तास आधी फिरवली. खरी नोंद खोटी आहे असं सांगणारा मी पहिलाच असेन. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. चौकशी होईपर्यंत माझा परवाना काढून घेतलाय. तुझी सही सुखरूप आहे. आईला सांग, सुट्टीवर येतोय. शिव्या समोर दे, पत्रात जागा कमी पडेल.
तुझा भाऊ

९ एप्रिल
चि. दानशूर बंधूस,
अनेक आशीर्वाद. तुझा त्याग वाचून डोळे भरून आले, रागाने. तुला कुणी विचारलं होतं? काल मी तपासनिसांना लिहून दिलं की नोंद खरी आहे, टाकीचं मला आधीच कळवलं होतं, आणि मी त्या जहाजावर पाऊलही ठेवलेलं नाही. पाहणीचं ते वाक्य मी प्रत्येक कागदावर टेबलाशी बसूनच लिहिते. मालकांनी तासाभरात नवा सल्लागार शोधला. आता खोट्या पाहणीबद्दल माझी चौकशी आणि खोट्या कबुलीबद्दल तुझी. मंगळवारी दहा वाजता, एकाच खोलीत. आई विचारते, दोघांना एकदम सुट्टी कशी मिळाली.
मला लाज वाटते रे. तू सांगत होतास आणि मी ऐकलं नाही.
मंगळवारी मात्र तोंड उघडू नकोस. लोभ आहेच, तो वाढवू नकोस. आहे तेवढ्यानेच तुझा परवाना घेतला.
तुझी ताई