मारोतीची हजेरी

मु. बेला, मंगळवार, दिवेलागण

लिही सुजा, माझ्या वहीत, मी सांगते तसंच! मले कुठं लिहिता-वाचता येते! ही सुजा, नात माझी, प्रोबेशन अधिकारी. आज तिच्या ऑफिसात बसून होती मी. मारोतीनं रागात मेव्हण्याचं डोकं फोडलेलं, कोर्टानं सुजाकडे हजेरीच्या अटीवर सोडलं. स्वभावाचाच आजार त्याले. घडीत सुजाताई देवी, घडीत वैरी. आज हजेरीले आला, अन् सुजा सुटीवर जाणार म्हणताच त्यानं खुर्ची लोटली, "तुमीबी सोडूनच जाता!" अन् हजेरी न देताच निघाला. म्हणजे पुन्हा जेल!

"पकड ना, बसून काऊन राह्यली?" मी ओरडली.

सुजानं फक्त खुर्ची सरळ केली. "येऊ दे त्यालेच, आजी."

अन् आला की तो! बसला, म्हणे, "ताई, मले राग आला होता." हातानं नाई, तोंडानं सांगितलं बाई!

आता लिहिताना रडून काऊन राह्यली, पोरी? अक्षर पुसलं तर मले कुठं कळणार हाय!