एफ्राईमचा रुसवा

रवि., ५ ऑक्टो.
सिंगापुरातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा हंगामाचा सण पार पडला. बेडोकचा हॉल भरला. पेटीवर आमच्या नगरचा प्रमोद. एरवी मुंबईचे वसंतराव, बारा वर्षं. पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हटलं कशाला त्रास. आले, मागे बसले, न जेवता गेले. का कोण जाणे.

मंगळ., ७
कळलं. वसंतरावांचा फोन. "ऑपरेशन गुडघ्याचं झालं, बोटांचं नाही. नगरकरांनी सण केला, आम्हाला विचारलंतही नाही." म्हटलं, ग्रुपवर मेसेज होता, तुम्हीच काही बोलला नाहीत. "मेसेज सगळ्यांना जातो. बोलावणं माणसाला करतात." फोन ठेवला. डोकं सणकलं. दरवेळी पायघड्या घालायच्या काय! बायको, सरिता, म्हणते, मुंबईची चारही घरं आता येणार नाहीत. सगळी मिळून घरं अकरा. मंडळी उरणार किती?

गुरु., ९
कामावर जाताना, जुरोंग आयलंडची बस. रविवारचा बायबल-अभ्यास माझ्याकडे, नेमकं शास्ते हे पुस्तक. एफ्राईम वंशाचं तेच गाऱ्हाणं: लढाईला आम्हाला का नाही बोलावलं? सेनापती गिदोन नमला. म्हणाला, तुमचा नुसता सरवा, तोडणीनंतर वेचलेला, आमच्या अख्ख्या द्राक्षहंगामाहून सरस. राग निवला. पुढे इफ्ताह या दुसऱ्या सेनापतीलाही त्यांनी तेच विचारलं. तो म्हणाला, बोलावलं होतं, तुम्हीच आला नाहीत. लढाई जुंपली, एफ्राईमचे बेचाळीस हजार मेले, तेही भाऊबंद.
मंगळवारी मी इफ्ताह होतो. लाज वाटली.

शनि., ११
गेलो एकदाचा त्यांच्या घरी, सरिताला घेऊन. म्हटलं, चुकलो, घरी येऊन सांगायला हवं होतं. तुमच्याशिवाय दुसऱ्या गीताला सगळे बेसूर झालो. (खरंच झालो होतो.) त्यांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "तिसऱ्यालाही झालात." काकूंनी चहा टाकला. हुश्श. उद्या येतायत, पेटीवर बसणार. चारही घरं येणार. छातीवरचा धोंडा उतरला. परतताना MRT मेट्रोमध्ये गुणगुणत होतो, सरिताने चिमटा काढला.

रवि., १२, सकाळ
झोप मस्त. अभ्यासाचं पुढचं वाचलं. एफ्राईमशी एवढं गोड बोललेला गिदोन, नदी ओलांडली आणि पुढच्याच गावावर भडकला. भाकरी दिली नाही म्हणून काट्यांनी सोलीन म्हणाला.
इतक्यात प्रमोदचा मेसेज. आठवडाभर पेटीवर दोन नवी गीतं बसवलीत, लवकर येतो.
त्याला मी विचारलंच नाही.
फोन लावलाय. रिंग जातेय.