उजव्या हाताची पाच नखं

सोलापूर
चैत्र, रविवारची दुपार

प्रिय अक्का,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. जिवंत होतीस तेव्हा चार गल्ल्या सोडून राहत होतीस, पत्राची गरजच नव्हती. आणि मला तुझ्याशी काही बोलायचं असायचं ते टोमणे मारायलाच. आता तुला जाऊन वर्ष झालं, आणि काल तुझ्या लेकीनं माझी अशी पंचाईत केली की आज खिडक्या लावून, कागद पुढं ओढून बसले आहे.

झालं असं. काल शनिवार, अर्धा दिवस. कचेरी सुटल्यावर तुझ्या घरी गेले. उमा जेवायला बसली होती आणि तुझ्या वन्सं, महादेवीबाई, तिला वाढत होत्या. उमानं त्यांच्या हातची भाकरी घेतली नाही. त्यांनी ती दुरडीत परत ठेवली, मग तिनं स्वतः उचलली. वर मला म्हणते, "मावशी, उद्या संध्याकाळी आपल्याकडं चैत्राचं हळदीकुंकू हाय. माजी नखं तू रंगव. आत्या नको. तिनं आईची नखं खरवडली."

अकरा वर्षांची पोर, पण काय तो आवाज! महादेवीबाई तिथंच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही.

तुला ठाऊक आहे कुणी खरवडली ते. तू समोरच होतीस, भिंतीला पाठ टेकून. मी खरवडली.

आता लगेच गहिवरून जाऊ नकोस. तुझ्या त्या नखांचा मला आयुष्यभर तिटकारा होता आणि तो मी कधी लपवला नाही. आठवतं ते कात्रण? तुमच्या दुकानात पुड्या बांधायला आलेल्या रद्दीत तुला पुण्यामुंबईकडच्या कुठल्याशा मासिकाचं पान सापडलं. मथळा काय, तर 'आखूड नखांनाही फुलू द्या वसंत!' तू ते पान कात्रीनं नीट कापून तुझ्या फणी-कुंकवाच्या डब्याच्या झाकणात चिकटवलंस. मी हसून हसून लोळले होते. वसंत! सोलापुरात! आपल्याकडं होळी पेटली की फरशीसुद्धा पायाला चटके देते. ज्या बाईनं तो लेख लिहिला तिनं ज्वारीचं पीठ कधी हातात धरलं असेल का गं?

काय एकेक सूचना होत्या! म्हणे, या ऋतूत पिस्ता नाहीतर मोतिया रंग लावावा. सोलापुरात पॉलिशचे रंग दोनच मिळायचे, एक लाल आणि दुसरा फिका गुलाबी, आणि दोन्हींच्या बाटल्यांवर धूळ. म्हणे, लिंबाची फोड नखांवर दहा मिनिटं चोळावी. तुमच्या घरात अख्खं लिंबू नखांवर चोळलं असतं तर सासूबाईंनी तुलाच पिळलं असतं! आणि सगळ्यांत कहर म्हणजे, हातांना रोज दुपारी अर्धा तास पूर्ण विश्रांती द्यावी. तुला रोजच्या तीस भाकऱ्या थापायच्या. दुष्काळाच्या साली तर रेशनच्या त्या तांबड्या मिलोचं, अमेरिकेच्या ज्वारीचं, पीठ तुझ्या नखांत जाऊन बसायचं आणि रात्रीपर्यंत निघायचं नाही. तरी तू ते कात्रण फेकलं नाहीस.

उलट त्या लेखिकाबाईला तूच शिकवावंस इतकी तयार झालीस. नखं बोटाच्या गोलाईनं कापायची, चौकोनी नाही, म्हणजे पीठ कमी अडकतं. पॉलिश दोन्ही कडांना दोऱ्याएवढी जागा सोडून लावायचं, म्हणजे आखूड नख लांबट दिसतं. दाट एक हात देण्यापेक्षा पातळ दोन हात द्यायचे, म्हणजे थापताना टवके उडत नाहीत. उन्हाळ्यात बाटली घट्ट होऊन तार धरते म्हणून ती माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची. एकदा तर तू अनामिकेच्या नखावर काडीच्या टोकानं पांढरे ठिपके देऊन मोगऱ्याची कळी काढली होतीस. पांढरं काय वापरलंस ते विचारायचं मला सुचलं नाही. मी म्हटलं, "अक्का, एवढी अक्कल पोरीच्या गणितावर खर्च कर." तू हसलीस आणि भाकऱ्यांना गेलीस.

मी काय मोठी शहाणी! टायपिस्ट. नखं कायम मुळापर्यंत कापलेली, आणि त्याचा केवढा ताठा! कचेरीत टाइपरायटरवर परिपत्रकाची स्टेन्सिल कापताना अक्षर चुकलं की ते बुजवायला त्यावर एक लाल औषध लावावं लागतं. वास आणि रूप हुबेहूब तुझ्या पॉलिशसारखं. एकदा ते संपलं तेव्हा मी तुझ्याकडं येऊन तुझी नवीकोरी बाटली मागून नेली. पाणीटंचाईचं परिपत्रक होतं, चुकाच चुका. अर्धी बाटली त्यात घातली आणि उरलेली तुला आणून दिली, वर म्हटलं, "बघ, तुझं पॉलिश पहिल्यांदा कामाला आलं." तू बाटली उजेडात धरून बघितलीस. एक शब्द बोलली नाहीस. बोलायचं होतंस की! का सगळं गिळत होतीस?

आणि तो एका हाताचा प्रकार. त्याची मला सगळ्यांत जास्त चीड. आपल्या लिंगायतांत रोज अंघोळीनंतर गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, तेव्हा तुझ्या सासूबाईंनी, अव्वांनी, अट घातली की डावा हात जसा आहे तसा राहू दे, उजव्याला काय लावायचं ते लाव. तू आनंदानं मान डोलावलीस! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, करायचंच तर दोन्ही हातांना कर, भांड, नाहीतर सोडून दे. एका हाताची नखं रंगवून चारचौघांत फिरणारी तू अख्ख्या जिल्ह्यात एकटी असशील! तू म्हणालीस, "अगं, दोन्ही हात माझेच हायत की. एक त्याचा, एक माझा." मला तेव्हा ते बावळटपणाचं वाटलं. अव्वा शाळेची पायरी न चढलेल्या, पण त्यांनी तुला निदान एक हात दिला होता. मी, मॅट्रिक पास, तुला तोही द्यायला तयार नव्हते.

राहता राहिल्या महादेवीबाई. मैंदर्गीला दिलेली, नवऱ्यानं टाकलेली, म्हणून माहेरी परत आलेली बाई. मिश्रीनं काळे झालेले दात, पदर सदा खोचलेला, बोलणं म्हणजे व्हय आणि न्हाय. मी त्यांना अहोजाहो केलं ते तोंडदेखलं. तुझ्या घरात येताना त्यांना ओलांडून यावं तशी यायचे. तू एकदा म्हणालीस, "शकू, वन्संशी जरा बोलत जा गं." मी म्हटलं, "काय बोलू? मिश्रीचा भाव विचारू?" त्या आत भांडी घासत होत्या. ऐकलं असणारच.

मग तुला कावीळ झाली. नऊ दिवसांत सगळं आटोपलं. आठव्या दिवशी मी आले तेव्हा तुझ्या उजव्या हाताची नखं ताजी गुलाबी होती. डोळे हळदीसारखे, अंगात उठून बसायचं बळ नाही, आणि नखं रंगवलेली! तू म्हणालीस, "पिवळी दिसत होती गं, उमा बघून घाबरायची." मी तोंड फिरवलं. अक्का, तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं काय होतं, तुला आठवतं? मी म्हटलं होतं, "मरायला टेकलीस तरी नटणं सुटत नाही." गमतीनं म्हटलं होतं असं मी वर्षभर स्वतःला सांगते आहे. गंमत नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. आपल्यात गेलेल्या माणसाला बसवतात. तुला न्हाऊ घातलं, विभूती लावली, हिरवं लुगडं नेसवलं आणि सोप्यात भिंतीशी बसवलं. डाव्या तळहातात लिंग, उजवा हात मांडीवर. आणि त्या हाताची पाच गुलाबी नखं दारातून येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होती. माझ्या कचेरीतल्या बायका यायच्या होत्या. आमच्या हेडक्लार्कांची बायको यायची होती. खरं सांगते, बहीण गेली याआधी माझ्या मनात आलं ते हे, की या बायका काय म्हणतील.

पर्समध्ये पेन्सिलीला टोक काढायचं अर्धं ब्लेड होतं. मी तुझ्यासमोर बसले आणि खरवडायला लागले. अव्वा म्हणाल्या, "ब्याडव्वा, राहू दे की. लई हौसेनं लावलंय तिनं." मी म्हटलं, "चांगलं दिसत नाही." महादेवीबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि उडणारे कपचे पदरात गोळा करायला लागल्या. मला वाटलं, सारवलेली जमीन खराब होईल याची या बाईला काळजी! करंगळीला ब्लेड जरा जास्त लागलं. रक्त आलं नाही. तेव्हा मला कळलं की तू खरंच गेली आहेस.

मी उठून हात धुवायला गेले आणि उमा दारात आली. तिला काय दिसलं? आईची उघडी, ओरखडलेली नखं आणि आत्याच्या पदरात गुलाबी चुरा. तिनं जे समजायचं ते समजून घेतलं. आणि मला ते कळल्यावरही मी तसंच राहू दिलं. का नाही राहू देणार? दर रविवारी ती माझ्याकडं येते, माझ्या बोटाला धरून बाजारात हिंडते, माझ्या पाठीला टेकून गणितं सोडवते. मला नवरा नाही, मूल नाही. आणि महादेवीबाईंचं काय, त्यांना कोण विचारतं, असा माझा हिशेब. किती नीच हिशेब असतो ना गं शिकलेल्या माणसाचा!

काल उमा हात धुवायला उठली तेव्हा मी अव्वांना सहज म्हटलं, "रंगवते तिची नखं. अक्कासारखीच, उजव्या हाताची." अव्वा तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुला जमंल? महादेवीला इचार की. नीलाची, तुज्या अक्काची, तीच लावायची."

मी म्हटलं, "अक्का स्वतःची स्वतः लावायची."

"उजव्या हाताला उजव्या हातानं कसं लावंल गं? एवढी शिकलीस आनि हे न्हाय कळलं?"

नाही कळलं, अक्का. पानभर मजकुरात एक वेलांटी चुकली तर माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि पंधरा वर्षं मी तुझी उजव्या हाताची नखं बघितली, पण ती डाव्या हातानं इतकी सुबक कशी लावत असशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. आज सकाळी मी ते कचेरीचं लाल औषध घेऊन डाव्या हातानं माझ्याच उजव्या नखांना लावून बघितलं. अर्धं बोट माखलं. म्हणजे रोज दुपारी भाकऱ्या झाल्यावर त्या मिश्रीवाल्या बाई तुझा हात मांडीवर घेऊन बसायच्या. कडांना दोऱ्याएवढी जागा त्या सोडायच्या. कावीळ झाल्यावरही त्यांनीच लावलं, मरणाच्या आदल्या दिवशी. आणि दुसऱ्या दिवशी मी ते ब्लेडनं काढत होते तेव्हा त्या शेजारी बसून कपचे वेचत होत्या! तू मला का नाही सांगितलंस गं? मी विचारलं नाही म्हणून?

मी अव्वांना विचारलं, उमा त्यांच्यावर आळ घेते तरी त्या बोलत का नाहीत. अव्वा म्हणाल्या, "मी सांगते म्हनलं पोरीला. तर महादेवी म्हनली, आई गेली, आता मावशीबी मनातनं जायाला नको. ऱ्हाऊ दे."

ज्या बाईला मी दोन शब्दांच्या लायकीची मानली नाही, तिनं मला वर्षभर झाकून ठेवलं. स्वतः वाढलेली भाकरी रोज दुरडीत परत ठेवून. माझ्याइतकं तुच्छ माणूस मला या गावात दुसरं सापडलं नाही, आणि शोधायला मी काही कमी केलेलं नाही.

ऊन आता उतरायला लागलं आहे. थोड्या वेळात मी निघेन. अक्का, तुला शब्द देते. बायका जमायच्या आत उमाला समोर बसवून, महादेवीबाईंच्या देखत, दोन गोष्टी सांगेन. "तुझ्या आईची नखं मी खरवडली. आणि ती रंगवायची तुझी आत्या." रडणार नाही, सारवासारव करणार नाही, तू लहान आहेस असंही म्हणणार नाही. त्यानंतर तिनं माझ्या घराची पायरी चढली नाही तरी मी तिला बोलवायला जाणार नाही.

नखं रंगवायला आपला हात कुणापुढं धरायचा, ते तिचं तिला ठरवू दे.

तुझी,
शकू