कॅसेटची दुसरी बाजू

१४ मार्च

प्रिय माऊ,

तुला, जावईबापूंना आणि पिटुकलीला पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा जिना सोडून बाकी सगळीकडे चालतो.

वाचनालयातल्या स्पॅनिशच्या वर्गात मीच सगळ्यांत म्हातारा आणि पहिल्या बाकावर. या आठवड्यात बाईंनी एकच विशेषण घेतलं, 'लिंदो'. बाईमाणसाला किंवा स्त्रीलिंगी वस्तूला 'लिंदा'. आपण घराला टुमदार म्हणू, मुलाला गोजिरं, आवाजाला गोड. त्यांचं या एका शब्दावर भागतं. स्वभावाने लाघवी असेल, तर म्हाताऱ्यालाही लावतात म्हणे.

हे ऐकून मी बाकावर कसा बसलो असेन, तूच विचार कर. फोनवर मागून पिटुकलीचं "लिंदो, लिंदो" ऐकू यायचं आणि मी ते व्याह्यांचं घरातलं नाव समजून वर्षभर त्यांना "काय लिंदोराव, बरं आहे ना?" म्हणत आलो. तुला विचारलं, तर तू म्हणालीस, ते इतके खूश होतात, कशाला सांगू? म्हणजे नातीने एक आजोबा गोड ठरवला आणि दुसऱ्याने फोन करकरून त्यावर शिक्का मारला.

पत्र इथेच संपवणार होतो. पण तुझं मागचं पत्र उशाशी आहे. व्याह्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली, आवाज परत येणार नाही. खाली तू लिहिलंयस, 'बाबा, ती कॅसेट टपालात हरवायला नको होती.'

माऊ, ती हरवली नाही, मला वेळेवर मिळाली होती. माझ्या कपाटात, शाळेतल्या कवितांच्या वहीमागे आहे.

एका बाजूला त्यांनी त्यांच्या शाळेतली कविता म्हटली होती आणि दुसरी बाजू माझ्यासाठी कोरी ठेवली होती. पिटुकलीने झोपताना दोन्ही आजोबा ऐकावेत म्हणून. मी त्यांची बाजू लावली. एक शब्द कळला नाही, तरी डोळे मिटून ऐकत राहिलो. असा आवाज, की आमच्या वर्गात असते, तर गुरुजींनी मला कविता म्हणायला कधी उभंच केलं नसतं. मग माझी कविता मोठ्याने म्हणून पाहिली आणि माझा आवाज ऐकला. बिजागरी करकरावी तसा. घसा बसलाय, असं तुझ्या आईला सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "घशात काही नाही झालंय. पोटात दुखतंय तुमच्या."

खरं होतं. अजूनही थोडं दुखतं.

सोबत कॅसेट पाठवतोय. काल दुसरी बाजू भरली. तिसऱ्या कडव्यात अडखळलो, तेव्हा स्वयंपाकघरातून आईने ओळ पुरवली, तीही ऐकू येईल. आधी त्यांची बाजू लाव. पिटुकली पुन्हा तीच लाव म्हणाली, तर लाव. माझी ऐकून काय म्हणाली, ते मात्र कळवू नकोस.

आणि लिंदोरावांना सांग, कॅसेट हरवली नव्हती, लपवली होती. माझ्यासाठी शब्द मऊ करू नकोस. त्यांना आता उलट बोलता येणार नाही, म्हणून तर हे जास्त लागतंय.

तुझा बाबा,
आणि पिटुकलीचा दुसरा आजोबा