फुटाण्याचं औषध

प्रिय स्वप्नाली,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील, म्हणून आधी फुटाण्याचं लिहिते. तुझा ससा आजारी आहे. काल सोमवारपासून त्याचं खाणं बंद आहे. आत्ता दुपारचे दोन वाजलेत. तीनला पुढचं औषध द्यायचंय, आणि मधल्या वेळात हात रिकामे ठेवायचे नाहीत, म्हणून लिहायला बसले. गणराज पहिल्या शिफ्टला चाकणला गेलाय, घरात मी एकटीच. फोन करणार होते. पण फोनवर मला धड बोलता येत नाही, आणि तू उचलशील असंही वाटत नाही. त्यात तुझी चूक नाही.

तू त्याला घरी आणलंस तेव्हा मी काय काय बोलले, ते मला सगळं आठवतंय. पुनावळ्यात, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या घरात ससा कुणी पाळतं का? आमच्या गावाकडे, भूमला, सशाच्या मागे लोक कुत्री सोडतात, आणि इथे त्याला कोथिंबीर निवडून घालायची! तव्यावरच्या फुटाण्यासारखा उडतो म्हणून तू नाव ठेवलंस. मी मात्र त्याला कितीतरी दिवस ‘ते जनावर’च म्हणायचे. माहेरी मांजरं आहेत म्हणून त्याला इथे ठेवून तू राजगुरुनगरला गेलीस, त्याला आता सात आठवडे झाले. पहिला आठवडा तो तुझ्या खोलीच्या दाराशी बसून असायचा. मग माझ्या पायात घोटाळायला लागला. मी पोळ्या करते तेव्हा तो ओट्याखाली बसतो. सवय झाली गं.

काल सकाळी तो वॉशिंग मशीनच्या मागे अंग चोरून बसलेला दिसला. मेथी तशीच पडलेली. मी बघितलं, आणि कामाला लागले. वाटलं, उकाडा आहे, भूक लागली की खाईल. आज सकाळी ट्रे साफ करायला घेतला तर त्यात एकही लेंडी नाही. ट्रे तिथेच टाकला. खालच्या ताजुन्निसाला हाक मारली. आकुर्डीत गॅरेज आहे त्या रहिमानभाईंची बायको, तुला ती भाभी म्हणून माहीत आहे. तिच्या माहेरी शेळ्या होत्या. तिनं त्याच्या पोटाला हात लावला आणि म्हणाली, “कुसुमताई, पोट बघा कसं टणक झालंय. साडी बदलत बसू नका, चला.” भाजीच्या टोपलीत त्याला घातलं, वरून तिची ओढणी बांधली, आणि तिच्या स्कूटरवर मागे बसून, टोपली मांडीवर धरून आकुर्डीच्या डॉक्टरांकडे गेले. सिग्नलला थांबलो की मी ओढणीत बोट घालून तो हलतोय का ते बघायची.

डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी विचारलं, “मावशी, खाणं कधीपासून बंद आहे?” आणि स्वप्नाली, माझ्या तोंडात ‘आज सकाळपासून’ असं आलं होतं. अगदी ओठांवर. काल मी बघून सोडून दिलं, हे कुणाला कळणार होतं? ससा थोडाच सांगणार होता! पण टोपलीत तो दात खात बसला होता, कर्र कर्र आवाज येत होता. मी म्हणाले, “कालपासून. मी बघितलं होतं.” ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, “कुत्रं विव्हळतं, मांजर ओरडतं. ससा दुखणं गिळून गप्प बसतो. याचं खाणं थांबलं की वाट बघायची नाही, लगेच आणायचं.” त्यांनी सुई टोचली, दोन औषधं दिली आणि पाण्यात कालवून भरवायची एक पूड दिली. उद्यापर्यंत पोट सुटलं नाही तर कठीण आहे, असंही सांगितलं.

दुपारी बाराच्या औषधाला आमचं युद्ध झालं. टॉवेलात गुंडाळलं तर त्यानं मागच्या पायांनी माझ्या मनगटावर ओरखडा काढला. सुई काढलेली सिरिंज समोरून तोंडाला लावली की तो मान फिरवायचा, दात घट्ट. निम्मं औषध माझ्या साडीवर. ताजुन्निसा हसावं की ओरडावं अशा तोंडानं म्हणाली, “समोरून नका घालू हो, गालाच्या बाजूनं घाला. आणि थेंबथेंब. घाई केली तर छातीत जाईल.” उरलेलं शेवटी तिनंच पाजलं. आता तीनला ती नाही, तिला शाळेत मुलीला आणायला जायचंय. तीन वाजत आलेत. थांबते.

चार वाजले. दिलं. एकटीनं दिलं. जमिनीवर बसले, त्याला पोटाशी धरलं, टॉवेल मानेपर्यंत घेतला. तरी त्यानं तोंड उघडलं नाही. मग मी त्याच्याशी बोलायला लागले. तू दवाखान्यातून आल्यावर दिवसभर त्याच्याशीच बोलायचीस ना, तसं. घे रे बाळा, एवढंच घे, असं म्हणाले आणि ‘बाळा’ म्हटल्यावर माझंच बोलणं थांबलं. त्याचं काळीज माझ्या पोटाला लागून एवढं धडधडत होतं की माझं कुठलं नि त्याचं कुठलं कळेना. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग त्याच्या ओठाची कड जरा सैल झाली, तिथून एक थेंब घातला. त्यानं गिळला. मग दुसरा. सगळं संपायला अर्धा तास लागला. पोट अजून टणकच आहे.

आज बुधवार. काल संध्याकाळी पुढचं लिहायचं धाडस झालं नाही. सकाळी सहाचं औषध द्यायला उठले तर ट्रेमध्ये चार लेंड्या होत्या. बारीक, वेड्यावाकड्या, पण होत्या. मी लेंड्या बघून रडले, ताजुन्निसाला दाखवायला कागदावर घेऊन खाली गेले. दहा वाजता त्यानं कोथिंबिरीचं एक पान ओढलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, आता धोका टळला, औषध मात्र पाच दिवस चुकवायचं नाही. तेव्हा तू त्याची काळजी करू नकोस.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. त्या दुपारी तू पोट धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. पाचवा महिना होता. “आई, वेगळंच दुखतंय, दवाखान्यात जाऊया,” असं तू म्हणालीस आणि मी पहिलटकरणीला असं होतंच म्हणून तुला परत पाठवलं, गणराज आल्यावर बघू म्हणाले. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. दवाखान्याच्या जिन्यात गणराजनं मला विचारलं, तिनं आधी सांगितलं नाही का, आणि मी म्हणाले, मला काही बोलली नाही. मग तो तुला जे जे बोलला ते तू ऐकून घेतलंस, एकदा माझ्याकडे बघितलंस आणि गप्प राहिलीस. आज तो शिफ्टवरून आला, जेवायला बसला, तेव्हा मी त्याला खरं सांगितलं. त्यानं ताट बाजूला सारलं. “आई, मी तिला काय काय बोललो गं,” एवढंच म्हणाला आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीवर बसून राहिला. आत्ताच निघतो म्हणत होता, मी रविवारपर्यंत थांबायला सांगितलं, म्हणजे त्याच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडेल. तो आल्यावर दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी तुला परत ये म्हणत नाही, तेवढं तोंड मला नाही. तुझ्या आईवडिलांना हे पत्र वाचायला दे, त्यांनाही कळू दे. तू मला सांगितलं होतंस, स्वप्नाली. दोनदा सांगितलं होतंस.

तुझीच,
कुसुम