तालुका फायनल होईपर्यंत

५ जानेवारी २०२४, शुक्रवार. खैतान, कुवेत.
रजा संपली. आजपासून रोजनिशी, कारण प्रोजेक्ट मोठा आहे. कुवेत सोडून गावाकडे कायमचं राहायला जाणे. आता मला गाव नाही, जन्म ठाण्याचा. म्हणजे गाव निवडायचं आलं. लोक भावनेच्या भरात जातात नि वर्षात परततात. मी अकाउंट्सचा माणूस, आधी तालुका पारखणार. पाणी, रस्ता, दवाखाना, नेट, साप. प्रत्येकी दहा मार्क.
मंडणगड स्वतः पाहून आलो. तीन खोल्यांचं कौलारू घर, विहीर, वीस गुंठे. मालक निवृत्त पोस्टमास्तर. बायकोने, मेधाने तर ओढणी खोचून विहिरीचं पाणीच काढलं. निघताना आवारात कुणी नव्हतं, तरी सवयीने म्हणालो, 'येतो हां!' 'जातो' म्हणू नये ही आईची शिकवण. इतकी वर्षं परदेशात राहून संस्कार टिकलेत, याचं बरं वाटलं.
साप: दोन मार्क.

१२ जानेवारी, दुपारी बारा
जिन्यात काठी आपटत कुणीतरी वर आलं. घुंगरांची काठी. मग विडीचा वास. वरच्या इजिप्शियनचे नवे उद्योग. हारिसकडे, म्हणजे बिल्डिंगच्या रखवालदाराकडे, तक्रार केली. त्याने सीसीटीव्ही दाखवला. जिना रिकामा. आवाज मात्र रेकॉर्ड झालाय. कॅमेरा स्वस्तातला असणार.

१९ जानेवारी
पुन्हा बाराला. दार लेकीने, क्षितिजाने उघडलं. दहावीचं वर्ष, पुस्तकातून डोकं वर न काढता इंग्लिशमध्ये म्हणाली की कुणी अंकल आलेत, 'व्हेन' विचारतायत. कसलं व्हेन? तर म्हणाली, ते फक्त 'कधी' म्हणाले.
बाहेर कुणी नव्हतं. पायपुसण्यावर लाल माती होती. खैतानात लाल माती! मी ते झटकलं. मग दाराला साखळी लावली. हल्ली चोऱ्या वाढल्यात.

२६ जानेवारी
मुस्तफाकडे गेलो. खाली त्याचा बकाला आहे, किराणा सगळा तिथूनच. बाणकोटचा, म्हणजे मंडणगड तालुक्यातलाच. पाण्याचे मार्क विचारायला गेलो होतो, पण सगळंच सांगून बसलो. त्याने हातातली कोथिंबीर खाली ठेवली. म्हणाला, नंदूशेट, रिकाम्या आवारात 'येतो' बोललात? अवो, जमिनीला राखणदार असतो! माणसाला 'येतो' बोललं म्हणजे जातो. त्याला बोललं म्हणजे येतोच. आमच्यात असलं मानत नाहीत, पण दादी सांगायची.
उपाय सोपा म्हणे. दारात उभं राहून खरं ते सांगायचं. येणार असाल तर तारीख, नसाल तर येत नाही.
मी विचारलं, तू कधी जाणार बाणकोटला? त्याने कोथिंबीर पुन्हा निवडायला घेतली.

१६ फेब्रुवारी
आज सांगून टाकणारच होतो. पण एकच तालुका बघून शब्द देणं म्हणजे घाई. तुलना हवी. आजऱ्याच्या एजंटने व्हिडिओ कॉलवर शेत फिरवून दाखवलं. झकास. कॉल बंद करताना तोंडून गेलंच, 'बरं, येतो मग!' जीभ चावली. पण व्हिडिओ कॉल कोण धरतंय?

२३ फेब्रुवारी
धरतात.
आज दोघे. दुसऱ्याच्या वहाणा करकरतात, ओल्या घोंगडीचा वास येतो. एकमेकांशी बोलत नाहीत. मेधा घाबरली नाही, हे मला खटकलं. तिने उंबऱ्याबाहेर नारळ ठेवून हात जोडले आणि मला म्हणाली, सांगा ना त्यांना काय ते. लग्न झाल्यापासून मलाही ऐकायचंय.
दाराच्या भिंगातून पाहिलं. अंधार. पलीकडूनही कुणी डोळा लावला असेल तर असंच दिसेल. कसाबसा म्हणालो, पाडव्यानंतर. नक्की.
आत येऊन एसी वाढवला.

९ एप्रिल, पाडवा
पाडव्यानंतर म्हणजे लगेच दुसऱ्या दिवशी असं नव्हे. दहावीचा निकाल लागू दे. शिवाय दवाखान्याचे मार्क फेरतपासणीला घेतलेत.
आज दार वाजलंच नाही. सुटलो म्हणून हॉलमध्ये आलो, तर सोफा दोन जागी दबलेला. मी समोर बसून खाली मान घालून श्रीखंड-पुरी खाल्ली. दुसरी वाटी घेताना त्यांनाही विचारावंसं वाटलं. भीती वाटते, खरंच वाटते. पण तिचा निर्णयावर परिणाम होऊ देणार नाही.

१७ मे
निकाल उत्तम. मेधाने परस्पर पोस्टमास्तरांना फोन केला. ते म्हणाले, किल्ली देतो, आधी राहून बघा. तिने दोन तिकिटं काढली. तिसरं? तर म्हणाली, तुमचे मार्क देऊन झाले का?
आज दुपारी दोघींना सोडायला निघालो. लिफ्टच्या आरशात आम्ही तिघंच होतो, तरी ओव्हरलोडची घंटी वाजली. गाडीत मागे क्षितिजा दाराला चिकटून बसली, इतरांना जागा करून दिल्यासारखी. एअरपोर्टवर मेधाचे डोळे भरून आले. मलाही रडू येत होतं, पण पार्किंगची वेळ संपत आली होती.

३१ मे
बारा वाजून गेले. काठी नाही, विडी नाही. आजऱ्याचाही मेधाबरोबरच गेला. त्याला कुठलाही तालुका चालतो वाटतं, असा उथळपणा माझ्यात नाही.
शांततेत काम भराभर होतं. शाहूवाडीची माहिती मागवली. मग उगाच दार उघडून जिन्यात हाक मारली, कुणी आहे का? खालून हारिस 'येस सर' म्हणाला. त्याला म्हटलं, तू नव्हे.

२८ जून
मेधाचा फोन. आवाज ठणठणीत. क्षितिजा चक्क मराठीत बोलली. विहिरीपाशी धामण असते म्हणे, काही करत नाही. घर घ्यायचं पक्कं झालं. पुढची खोली मेधाची, मधली क्षितिजाची.
मी विचारलं, तिसरी?
ती पाहुण्यांना ठेवलीये, मेधा म्हणाली. रजेवर आलात की तिथेच उतरा. उशी-टॉवेल सगळं वेगळं काढून ठेवलंय, तुमची काही गैरसोय होणार नाही.
मी थँक्यू म्हणालो.