आप्पांच्या बोटीचा वास

३ मार्च, सोमवार

आप्पांची बोट अंगणात आणली. अडीच फुटी, फायबरची. बस डेपोतून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः केलेली, उचगावच्या तळ्यात रिमोटवर पळवायची. कालच इंजिन काढलं. आप्पांच्या दम्याला धूर नको, इंधनाचा वाससुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. आता बॅटरीवर करायची. पण आत त्या इंधनाचा, मिथेनॉल आणि एरंडेलाचा, वास असा बसलाय — घरात ठेवायची सोय नाही! गरम पाणी, भांड्यांचा साबण, तीनदा धुतली. आप्पांनी नाक लावून बघितलं. "हाय की गं अजून."

बदलीचं आजही सांगितलं नाही.

४ मार्च

खाण्याचा सोडा आत पसरून ठेवला. बघू.

६ मार्च

सोडा झटकला. वास कमी, पण गेला नाही. इंजिनाखालच्या लाकडी पट्ट्यांत तेल मुरलंय. स्पिरिटचा बोळा फिरवला — पिवळाजर्द.

बँकेत लक्ष लागत नाही. सतराला बेंगळूरला हजर व्हायचंय. सात वर्षांनी मिळालेली बढती! नंदगडची शालूआत्या आप्पांजवळ राहायला यायला तयार आहे. फक्त आप्पांना सांगायचं उरलंय. जिभेवर येतं, मग मी उठते आणि बोट घासायला लागते.

८ मार्च, शनिवार

सुट्टी. दिवसभर उन्हात. पट्ट्या पॉलिशपेपरने घासल्या, वास आत कोंडावा म्हणून वरून इपॉक्सीचा हात दिला. मला तर आता कसलाच वास येत नाही. आप्पा म्हणाले, येतोय, थोडा. कुठं येतोय ते दाखवा, म्हणून मी चिडले. ते आत गेले. उगाच बोलले.

१० मार्च

फाटकापाशीच करपल्याचा वास. धावत आत गेले. गॅसवर दुधाचं पातेलं काळंकुट्ट — आणि आप्पा तिथंच, दोन हातांच्या अंतरावर, बोट आत आणून, पाठ करून पुसत बसलेले! त्यांना पत्ताच नाही. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या.

खोदून विचारलं तेव्हा कळलं. दोन वर्षं झाली, त्यांना कसलाच वास येत नाही.

मग रोज येतोय येतोय कशाला म्हणत होता, विचारलं. फडकं फिरवत म्हणाले,

"शालूचा फोन आलता, इंजिन काढलं त्या दिवशी. तुझ्या बदलीचं कळलं. मनात म्हटलं, बोट झाली की ही पोरगी जाणार."

पातेलं घासत बसले. उद्या बँकेत बढतीला नकार लिहून द्यायचा. ठरलं.

११ मार्च

नकाराचा कागद पर्समध्ये घालून निघाले, तर आप्पा पायरीवर. बोट नाकाशी धरून लांब श्वास घेतला त्यांनी.

"गेला बघ वास," म्हणाले. "जा तू आता."